अनोळखी पत्त्यावरून

काराबुलून या किर्गिझ गावाच्या वीज कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे नुरझात बसायची. वाऱ्यानं तार तुटली, कुणाचं मीटर जळालं, लग्नाच्या घरात ऐन जेवणावळीत अंधार झाला, की लोक येऊन तिच्यावर ओरडायचे. ती ऐकून घ्यायची, नाव-पत्ता टिपायची आणि म्हणायची, "माणसं निघालीत." खरं तर माणसं बहुतेक वेळा खालच्या खोलीत चहा पीत बसलेली असायची.

नवरा कधीच गेला होता. मुलगी एकच, बेगिमाय. तिला कोवळ्या वयात पलीकडच्या खोऱ्यातल्या एका घरानं लग्नासाठी पळवून नेलं होतं. नुरझात तिथे पोचली तेव्हा पडद्याआड नवरीचा पांढरा रुमाल डोक्यावर घेऊन मुलगी बसलेली. आईला ती आपा म्हणायची. म्हणाली, "आपा, मला घरी ने." भोवती त्या घरातल्या म्हाताऱ्या होत्या. उंबरा ओलांडून परत गेलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते त्यांनी नुरझातला सांगितलं. नुरझातनं चहा घेतला आणि एकटीच परत आली. पुढे बेगिमाय ओठ फाटलेला घेऊन एकदा माहेरी आली, मग दात पडलेला घेऊन आली. दोन्ही वेळा आईनंच तिला परत नेऊन सोडलं. त्यानंतर ती आलीच नाही. एके दिवशी मॉस्कोहून फोन आला. "आपा, मी जिवंत आहे. मला शोधू नकोस." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मग सासरचे लोक नुरझातला फोन करकरून शिव्या घालू लागले. मुलगी कुठे लपवलीस, म्हणू लागले. शेवटी तिनं नंबर बदलला. तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही की बेगिमायला ठाऊक असलेला नंबर तोच होता. लक्षात आलं तेव्हा तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकलेला होता. तिथून पुढे ती मुलीला शोधायला लागली. वकिलातीत अर्ज केला, मॉस्कोत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या मंडळांना मुलीचा फोटो पाठवला, सुट्टीवर गावी येणाऱ्या प्रत्येक मजुराला गाठलं. कचेरीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती स्वतःच सांगायची. बेगिमायच्या डाव्या भुवईत लहानपणी शेळीनं मारल्याची खूण आहे, ती चहात मीठ जास्त घालते, झोपेत दात खाते. ऐकणाऱ्यांना आता हे सारं पाठ झालं होतं, आणि कंटाळवाणंही.

त्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यातल्या कचेरीचे सगळे संगणक एका सकाळी बंद पडले. कुणीतरी बाहेरून ते कोंडून टाकले होते आणि खंडणी मागत होतं. मुख्य कचेरी घाबरली. प्रत्येक जिल्ह्यात एकेक माणूस पाठवायचं ठरलं. काराबुलूनला एल्दियार आला.

एल्दियार राजधानीतला, बिश्केकचा. तिशीही गाठली नव्हती. चांगला शिकलेला, बोलण्यात तरबेज, स्वच्छ हातांचा मुलगा. वरच्या मजल्यावर त्याला खोली मिळाली आणि दर शुक्रवारी दुपारी तो सगळ्यांना सभागृहात बसवून शिकवू लागला. शिकवायचा मात्र छान.

"पासवर्ड म्हणजे घराची किल्ली," तो म्हणायचा. "तुम्ही सगळे ती उंबऱ्याखाली ठेवता. चोराचंही घर असतं, तोही उंबऱ्याखालीच ठेवतो. त्याला कळत नसेल?"

"आमच्या घरात चोरायला आहे काय?" बुरुलनं विचारलं. ती बिलं काढायची. नुरझातची जुनी मैत्रीण, पण जीभ तिच्या ताब्यात नसायची.

"तुमच्या घरात नसेल, एजे. पण तुमच्या खिडकीतून पूर्ण खोऱ्याची वीज दिसते." थोरल्या बायकांना तो एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. मग पुढे जायचा. "दुहेरी खात्री म्हणजे काय? दाराला कुलूप, आणि आत कुत्रा. किल्ली चोरली तरी कुत्रा चावेल. तो फोनवर येणारा सहा आकड्यांचा क्रमांक, तो कुत्रा. आणि तुम्ही काय करता? कुणी फोनवर गोड बोललं की कुत्र्याची साखळी त्याच्या हातात देता."

लोक हसायचे. बॅकअप म्हणजे अर्ध्या मेंढ्या दुसऱ्या कुरणात ठेवणं. खंडणीचा व्हायरस म्हणजे तुमचाच घोडा तुमच्याच तबेल्यात कोंडून किल्ली घेऊन पळालेला चोर. क्वारंटाइन म्हणजे आजारी जनावर कळपातून काढून वेगळं बांधायची जागा. संशयाचं पत्र तिथे जातं, महिनाभर राहतं आणि मग आपोआप पुसलं जातं. नुरझात पुढच्या रांगेत बसून मान हलवायची. तिला हे सगळं आवडायचं. बेगिमायनं शाळेत असताना आईला संगणक शिकवला होता. कचेरीचं पत्रांचं खातंही तिनंच उघडून दिलं होतं.

एकदा खानावळीत लागमानच्या शेवया खाताना एल्दियारनं बुरुलला विचारलं, "एजे, या कचेरीत कुणाला काय हवंय? सगळ्यांत जास्त कशासाठी कोण तळमळतं?"

"कशाला हवंय तुला?"

"परीक्षा घ्यायचीय. कोण कशाला फसतं ते पाहायचंय."

बुरुल हसली. "आपल्या साहेबाला, कुबानबाइकेला, लाखाचं बक्षीस दे, तरी तो उठून बघणार नाही. आळशी माणूस. बाकीच्यांना बोनस." मग तिनं शोरव्यात पावाचा तुकडा बुडवला. "आणि नुरझातला तिची मुलगी."

ती अजून बरंच बोलली. भुवईतली खूण, मीठ, दात खाणं, मॉस्को. एल्दियार जेवण विसरून ऐकत होता.

त्या शुक्रवारी सकाळी सगळ्यांना एक पत्र आलं: हिवाळी बोनसची यादी, पाहण्यासाठी इथे दाबा. कुणी दाबलं, कुणी नाही. नुरझातला मात्र वेगळं पत्र आलं. बेपत्ता नागरिक शोध विभाग, असं वर लिहिलेलं. "तुमच्या अर्जाबाबत माहिती मिळाली आहे. नाव: बेगिमाय. ओळखीची खूण: डावी भुवई. प्रकृती: ठीक. सध्याचा पत्ता पाहण्यासाठी कचेरीच्या नावानं व पासवर्डनं आत या."

नुरझातनं पासवर्ड घातला. पान उघडलं, त्यावर लिहिलं होतं: "विनंती मिळाली. कृपया थांबा."

ती थांबली. खिडकीशी लोक आले, ओरडले. तिनं कुणाचं नावही टिपलं नाही. ती उठून बुरुलकडे गेली आणि तिच्या कानात म्हणाली, "सापडली." बुरुलनं तिला मिठी मारली. तिच्या मनात काही शंका आली की नाही ते ती कधी बोलली नाही. दुपारपर्यंत मजल्यावर बातमी पसरली. तारा जोडणारी माणसं वर येऊन तिचा हात हातात घेऊन गेली. कुणीतरी मिठाई आणली. कुबानबाइके, म्हणजे कचेरीचा प्रमुख, खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, "सुट्टी लागली तर माग हो, नुरझात. विमानाचं बघू." नुरझातला जेवण गेलं नाही. दर थोड्या वेळानं ती पडद्याकडे पाहायची. "कृपया थांबा."

वरच्या मजल्यावर एल्दियारला हे सगळं ऐकू येत होतं. खाली जाऊन सांगावं असं त्याला एकदा वाटलं. पण तीन वाजता निकाल दाखवायचा होता. आधी बोललं तर बाकीचे सावध झाले असते, आणि मुख्य कचेरीला पाठवायचे आकडे बिघडले असते.

तीन वाजता सभागृहात त्यानं मोठ्या पडद्यावर पहिलं चित्र दाखवलं. नदी, आणि तीत गळ.

"याला फिशिंग म्हणतात. गळ टाकणं. आज सकाळी मी तुम्हाला बोनसचं पत्र पाठवलं. पाठवणाऱ्याचा पत्ता कुणी पाहिला?"

लोक एकमेकांकडे पाहून हसले. ज्यांनी दाबलं होतं ते लाजले. कुबानबाइके म्हणाला, "मी दाबलं नाही."

"तुम्ही संगणकच सुरू केला नव्हता, कुबानबाइके."

सभागृह खळाळून हसलं. नुरझातही हसली. तिच्या हातात मिठाईचा कागद होता.

"हा झाला साधा गळ. सगळ्या नदीसाठी एकच आमिष. पण चोर हुशार असेल तर तो भाला घेतो." त्यानं दुसरं चित्र लावलं. "एकच मासा हेरायचा. तो काय खातो, कुठे फिरतो, कशासाठी जीव टाकतो, ते त्याच्या शेजारपाजाऱ्यांना विचारायचं. मग नेमका मारायचा. हा कधी चुकत नाही. आता बघा."

आणि पडद्यावर नुरझातचं पत्र आलं. वर तिचं नाव, खाली तिनं घातलेला पासवर्ड: बेगिमाय, आणि जन्माचं वर्ष.

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एकाला खोकला आला.

"एजे, रागावू नका," एल्दियार मवाळपणे म्हणाला. "यात चार चुका आहेत, आपण एकेक पाहू. एक, पाठवणाऱ्याचा पत्ता सरकारी नाही. दोन..."

"मग ती आहे कुठे?" नुरझातनं विचारलं.

"कोण?"

"पत्ता पाहायला आत या, असं लिहिलंय ना. मी आत आले. पत्ता कुठंय?"

"एजे, ते पत्र मी लिहिलं."

"हो, कळलं. पण प्रकृती ठीक म्हणून लिहिलंस. तुला कुणी सांगितलं?"

एल्दियारनं कुबानबाइकेकडे पाहिलं. कुबानबाइके बुटांकडे पाहत होता.

"कुणी नाही सांगितलं. मीच बनवलं ते. परीक्षा होती."

"भुवईचं तुला कसं ठाऊक?" ती उठून उभी राहिली होती. आवाज चढलेला नव्हता. खिडकीवरच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी ती बोलत होती. "भुवईचं खरं आहे. म्हणजे तुला काहीतरी ठाऊक आहे. सांग ना, बाळा. मी कुणाला सांगणार नाही."

शेवटी बुरुलनं तिला हाताला धरून बाहेर नेलं. दार लागल्यावर एल्दियारनं घसा साफ केला आणि म्हणाला, "पाहिलंत? माणसाला हवं असलं की तो अजूनही विश्वास ठेवतो. चोराला एवढंच पुरतं." आणि त्यानं तिसरं चित्र लावलं.

नुरझात सोमवारी कामावर आली. बुरुलशी बोलणं तिनं बंद केलं नाही, पण जेवणाच्या डब्यातलं तिला देणं बंद केलं. तारा जोडणारी पोरं तिला पाठीमागे "बालिक-एजे" म्हणू लागली. बालिक म्हणजे मासा. कुणीतरी एकदा तिच्या खिडकीच्या काचेला आतून कागदाचा मासा चिकटवला. लोक तक्रार घेऊन येत आणि विचारत, हा कशाचा? ती म्हणायची, "सुरक्षेचा."

एल्दियारनं तिला पासवर्ड बदलायला लावला. "नावं नाहीत, वर्षं नाहीत. ज्याच्याशी तुमचा काही संबंध नाही असं काहीतरी." ती बराच वेळ विचार करत बसली. मग तिनं काय घातलं ते कुणाला कळलं नाही. पण पहिले काही दिवस ती रोज विसरायची आणि रोज वर जाऊन एल्दियारकडून नवीन करून घ्यायची. तो कधी चिडला नाही. एकदा म्हणाला, "एजे, त्या दिवशी मी जरा जास्तच..." ती म्हणाली, "नाही, चूक माझी होती. चार चुका होत्या."

त्या हिवाळ्यात ती शुक्रवारच्या वर्गात सगळ्यांत हुशार झाली. अनोळखी पत्ता, घाई करणारी भाषा, दाबायला दिलेली जागा, कागदपत्रांची मागणी: या चार गोष्टी तिला नमाजाच्या ओळींसारख्या पाठ होत्या. आलेल्या पत्रात दिलेल्या नंबरावर फोन करायचा नाही, खरा नंबर स्वतः शोधून तिथे विचारायचं, हेही. सभागृहात एल्दियारनं विचारलं की सगळे तिच्याकडे पाहायचे आणि ती उभी राहून उत्तर द्यायची. संशयाचं पत्र आलं की पडद्याच्या कोपऱ्यातलं लाल बटण दाबायचं, ते पत्र वेगळ्या गोठ्यात जायचं, पाठवणारा कायमचा अडवला जायचा, आणि दाबणाऱ्याला आपोआप उत्तर यायचं: "शाब्बास. तुम्ही एक हल्ला परतवलात. एल्दियार." नुरझातनं ते बटण कितीदा तरी दाबलं. काचेवरचा मासा कुणीतरी काढून टाकला.

बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा ते दुसरं पत्र आलं.

साध्या, फुकट मिळणाऱ्या खात्यावरून. किर्गिझ भाषेत, चुका करत लिहिलेलं. "नमस्कार, एजे. मी सानिया, बातकेनची. मॉस्कोजवळ एका इस्पितळात फरशी पुसते. इथे आमच्याकडची एक मुलगी आहे, फुप्फुसाचं दुखणं आहे, फार आजारी आहे. ती म्हणते आई काराबुलूनला वीज कचेरीत आहे. तिला तुमचा हाच पत्ता आठवला. नाव बेगिमाय. लवकर उत्तर द्या, वेळ कमी आहे. तुमच्या पासपोर्टची प्रत पाठवा म्हणजे डॉक्टर बोलतील. तिचा फोटो इथे दाबल्यावर दिसेल." खाली इस्पितळाचं नाव आणि एक नंबर.

नुरझातनं माऊस हातातून सोडला आणि हात मांडीखाली दाबून बसली. मग उठून बुरुलला घेऊन आली.

बुरुलनं वाचलं. या वेळी तिनं मिठी मारली नाही. "परत त्याचंच काम असेल," ती म्हणाली. "बघायचं असेल शिकलीस की नाही. मी त्याला काही सांगितलेलं नाही हं या वेळी, आईची शपथ."

"सगळं आहे यात," नुरझात म्हणाली. "अनोळखी पत्ता. घाई. दाबायची जागा. पासपोर्ट मागितलाय."

"मग?"

"बातकेनकडची बाई खरंच अशी, इतक्या चुका करत लिहील का?"

"कशी लिहील ते मला काय ठाऊक. तू वर जाऊन विचार ना त्याला."

ती वर गेली नाही. सभागृहातली ती दुपार तिच्या अंगात अजून होती. पण पत्र तिनं टाकूनही दिलं नाही. शिकवलं होतं तसंच तिनं केलं. पत्रातला नंबर सोडून दिला, इस्पितळाचा खरा नंबर स्वतः शोधून काढला आणि तिथे फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका बाईनं उचलला. नुरझातनं रशियनमध्ये नाव सांगितलं, अक्षर अक्षर करून.

"अशी कुणी नाही," बाई म्हणाली.

"परत पाहा ना. डाव्या भुवईत खूण आहे."

"आम्ही भुवया लिहून घेत नाही. या नावाची कुणी नाही. आणि नव्हतीही." फोन बंद झाला.

नुरझात खिडकीशी येऊन बसली. बाहेर एक म्हातारा टोपी हातात धरून उभा होता, त्याच्या वाडीत वीज नव्हती. तिनं त्याला थांबायला सांगितलं आणि लाल बटण दाबलं. पत्र नाहीसं झालं. लगेच उत्तर आलं: "शाब्बास. तुम्ही एक हल्ला परतवलात. एल्दियार."

म्हणजे त्याचंच होतं, असं तिला वाटलं. नसलं तरी आता त्याला कळलं आहे, तो बघेल. तिला जरा हलकं वाटलं. मग तिनं म्हाताऱ्याचं नाव टिपलं.

महिन्याअखेर मुख्य कचेरीनं जिल्ह्यातल्या सावध कर्मचाऱ्यांची नावं जाहीर केली. पहिलं नाव नुरझातचं होतं. कुबानबाइकेनं सभागृहात तिला चॉकलेटची पेटी दिली. एल्दियारनं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "शरद ऋतूत याच एजे भाल्याला सापडल्या होत्या. आता यांना कुणी फसवून दाखवावं." लोकांनीही टाळ्या वाजवल्या. नुरझातनं पेटी उघडून सगळ्यांना एकेक दिलं. बुरुललाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ठाण्यातला पोलीस घरी आला. गावातलाच मुलगा, नुरझातनं त्याला रांगताना पाहिलेलं. तो आत आला, टोपी काढली, बसला नाही.

"आपा, मॉस्कोहून कागद आलाय. वकिलातीतून, मग मंत्रालयातून, असा फिरत आलाय. बेगिमाय वारली. इस्पितळात."

नुरझात पीठ मळत होती. तिनं हात पुसले नाहीत. "कधी?"

"तीन आठवडे झाले असतील. दुसऱ्याच मुलीच्या कागदांवर काम करत होती. तिथे त्याच नावानं नोंद झालेली. खरं नाव नंतर कळलं. आपा, पुरून टाकलंय. बेवारस समजून. तिथल्या नगरपालिकेनं."

"कुठल्या इस्पितळात?"

त्यानं नाव वाचलं. नुरझात खाली बसली.

कागदावर साक्ष म्हणून फरशी पुसणाऱ्या बाईचं नाव होतं, आणि नंबर. पत्रातला तोच नंबर. त्या संध्याकाळी नुरझातनं तो लावला.

"एजे, आता करताय?" सानिया म्हणाली. मागे बादल्यांचा आवाज येत होता. "मी लिहून लिहून दमले. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही, मग दुसरं लिहिलं, की इथे तिचं नाव वेगळं आहे, त्या नावानं विचारा. मग तिसरं. तुमचा फोन नंबर तिच्याकडे जुना होता, कुणी भलताच माणूस उचलायचा. शेवटी तिचा आवाज माझ्या फोनमध्ये घेतला आणि तोही पाठवला. काहीच मिळालं नाही का तुम्हाला?"

"पहिलं मिळालं."

"मग?" सानियानं विचारलं.

"मला वाटलं खोटं आहे," नुरझात म्हणाली. "मी इस्पितळात फोन केला होता. ते म्हणाले अशी कुणी नाही."

"ते असंच बोलतात, एजे."

"तिनं काय विचारलं? माझ्याबद्दल?"

"रोज विचारायची. मी सांगितलं, आई निघाली. विमानात आहे म्हटलं. मग म्हटलं बर्फामुळे विमान थांबलंय. आता तिला काय सांगणार होते मी? ती वाट बघत होती."

"तो आवाज तुझ्याकडे आहे?"

"नाही हो. तो फोन पाण्यात पडला, गेला. पण तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवलाय ना. तिथे असेल."

दुसऱ्या दिवशी नुरझात वर गेली. काळा रुमाल पाहून एल्दियार उठून उभा राहिला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. पण पत्राचं त्याला ठाऊक नव्हतं. तिनं ते सांगितलं. दोष देण्यासारखा एक शब्द तिच्या बोलण्यात नव्हता.

"पहिलं मी बटण दाबून पाठवलं. बाकीची आपोआप वेगळ्या गोठ्यात गेली असणार. तूच शिकवलंस. तिथून काढता येतात ना? एकात तिचा आवाज आहे."

"बघतो, एजे. तुम्ही खाली बसा. मी बघतो."

ती गेल्यावर त्यानं दार लावून घेतलं. यादी त्याला रोज येत असे. आत किती अडकलं एवढा आकडा पाहून तो ती बंद करत असे. आता त्यानं ती उघडली. एका पत्त्यावरून सहा पत्रं. पहिल्यालाही महिना भरायला अजून एक-दोन दिवस होते.

त्यानं कानाला यंत्र लावून ते ऐकलं.

"आपा," मुलीचा आवाज म्हणाला. मध्येच श्वास लागत होता. "सानिया-एजे म्हणते तू निघालीस. मला वाटत नाही तू निघालीस. रागावली असशील. ठीक आहे. येता आलं असतं तर मीच आले असते, पण आता चालता येत नाही. तू आलीस तर मीठ आण, इथल्या चहाला चव नाही. नाही आलीस तर निदान एक ओळ लिही. मला कुणी मारणार नाही असं लिही." मग खोकला, मग कुणीतरी "पुरे, पुरे" म्हणालं, आणि संपलं.

एल्दियारनं कानातलं काढलं. त्याला खरोखर वाईट वाटलं. हे सांगायला हवं. त्यानं तोंडावर पाणी मारलं, खिडकी उघडली. मग तो परत बसला आणि पत्रं एकेक वाचू लागला. वाचता वाचता त्याला दिसलं की पहिल्या पत्राच्या तक्रारीला त्याच्या नावानं शाब्बास गेलं आहे, आणि पुढची पाच पत्रं त्याच्या यादीत दिसत असूनही त्यानं उघडलेली नाहीत. उन्हाळ्यात त्याची बिश्केकला मोठ्या जागेवर बदली व्हायची होती. हे पत्र बाहेर पडलं की चौकशी होईल. शरदातला तो भालाही निघेल. आणि ती बाई, त्यानं स्वतःला सांगितलं, हे ऐकून काय करणार आहे? "मला कुणी मारणार नाही असं लिही." हे तिनं उरलेलं आयुष्य ऐकत बसावं का? न ऐकलेलंच बरं. तिच्याच भल्याचं आहे.

त्यानं साही पत्रं पुसली. मग जिथे पुसलेलं पडून राहतं तिथूनही पुसली.

तो खाली गेला तेव्हा नुरझात खिडकीशी बसली होती. समोर रांग होती. तिनं त्याला पाहून रांगेला थांबायला सांगितलं.

"उशीर झाला, एजे. महिना झाला की यंत्र आपोआप पुसतं."

"सगळी?"

"सगळी."

"आणि बॅकअप? दुसऱ्या कुरणातल्या मेंढ्या?"

"वेगळ्या गोठ्यातल्या पत्रांचा बॅकअप नसतो," तो म्हणाला. असतो. बिश्केकला एक प्रत महिनाभर आणखी राहते. एक अर्ज केला की मिळते.

नुरझातनं मान हलवली. शिकवणारा सांगतोय म्हणजे तसंच असणार. "त्रास दिला तुला," ती म्हणाली.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण तिनं घरीच घातलं. पुरायला देह नव्हता, म्हणून लोकांनी नुसतीच दुआ मागितली. पूर्ण कचेरी आली होती. बुरुल दोन दिवस आधीपासून चुलीपाशी बसून बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळत होती आणि रडत होती. एल्दियारही आला, न येणं बरं दिसलं नसतं. तो दारापाशी कोपऱ्यात बसला होता. मांस वाढायची वेळ आली तेव्हा नुरझातनं थाळ्यातून मानाचं हाड उचललं. ते कुबानबाइकेला जायला हवं होतं; वयानं आणि हुद्द्यानं तोच मोठा होता. त्यानं हात पुढेही केला होता.

"हे या पोराला," ती म्हणाली. "माझ्या मुलीचा आवाज शोधायला यानं फार खटपट केली. नाही सापडला, त्याला तो काय करणार. पण यानं शोधला."

सगळ्यांनी एल्दियारकडे पाहिलं. एका म्हाताऱ्यानं त्याला दुवा दिला, चांगल्या घरची मुलगी मिळो म्हणाला. कुबानबाइकेनं सरकून त्याला वर, पाहुण्यांमध्ये बसायला जागा करून दिली.

"खा, बाळा," नुरझात म्हणाली. "गार होतंय."

त्यानं सुरी घेतली आणि खाल्लं. नुरझात समोर बसून तो हाड स्वच्छ करेपर्यंत पाहत होती, मग तिनं त्याच्या वाटीत आणखी शोरवा ओतला.